हास्केलमध्ये मजकुराचे तुकडे जोडायची फंक्शन्स: स्वतःची लिहावीत की आहेत तीच वापरावीत?

निफाडकर

नमस्कार मंडळी,

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका पॅकहाउसचं काम करतोय, हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत. द्राक्षाची गाडी काट्यावर आली, वजन झालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत मेसेज जातो आणि तिथल्या तिथे काटा पावती छापली जाते. आता ऑक्टोबर छाटणीची कामं सुरू आहेत, जानेवारीत गाड्या लागायच्या आत हे पक्कं करायचंय.

या कामात हिशेब थोडा आणि मजकूर जोडणंच जास्त. नाव, गाव, तालुका, वाण, क्रेट, वजन, सगळे सुटे तुकडे येतात आणि त्यांचं एक वाक्य करायचं. पत्ताच घ्या. "मु. पो. उगाव, ता. निफाड, जि. नाशिक" असं पाहिजे. पण नोंदीत तालुका भरलेला नसला तर "मु. पो. उगाव, , जि. नाशिक" असं छापून येतं. वाणांचंही तसंच, एक वाण असेल तर "थॉमसन", दोन असतील तर "थॉमसन आणि शरद", तीन असतील तर "थॉमसन, शरद आणि क्रिमसन".

यासाठी मी वेगळं मॉड्यूल केलंय. रिकामे गाळून स्वल्पविरामाने जोड, शेवटच्याच्या आधी 'आणि' घालून जोड, ओळींनी जोड, कंसात घालून जोड, आधी लेबल लावून जोड, अशी फंक्शन्स त्यात आहेत. सोबतचा सहकारी म्हणतो ही सगळी खोगीरभरती आहे, भाषेत ++ हे जोडायचं चिन्ह आहे, जागच्या जागी जोडून मोकळं व्हावं. मला ते पटत नाही, कारण रिकाम्या तालुक्याचं काय करायचं हा नियम मग दहा ठिकाणी दहा प्रकारे लिहिला जाईल. तुम्ही लोक काय करता? आणि वेगाचा काही फरक पडतो का?

गंगापूररोड

भाषेत तयार आहेत ती: कॉनकॅट (नुसतं जोड), इंटरकॅलेट (मध्ये तुकडा घालून जोड), अनवर्ड्स (स्पेसने जोड), अनलाइन्स (ओळींनी जोड). एवढ्यात भागतं. सहकाऱ्याला +१.

अंजनेरी

वेगाचा प्रश्न विचारलाय म्हणून आधी तेच सांगते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

हास्केलमधली स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी-यादी. ++ ची व्याख्या दोन ओळींची आहे: डावी यादी रिकामी असेल तर उजवी जशीच्या तशी दे, नसेल तर डावीतलं पहिलं अक्षर काढून पुढे ठेव आणि उरलेल्यावर हेच कर. म्हणजे डावी बाजू पूर्ण नव्याने उभी राहते आणि उजवीला हातही लागत नाही. खर्च फक्त डाव्या बाजूच्या लांबीचा.

आता अ ++ ब ++ क असं सरळ लिहिलंत तर चिंता नाही, ++ उजवीकडून बांधला जातो, आधी ब ++ क आणि मग त्याच्या डावीला अ. प्रत्येक तुकडा एकदाच उतरवला जातो. पण तुम्ही फोल्डएलने डावीकडून गोळा करत गेलात, म्हणजे "आत्तापर्यंतचं ++ नवीन" असं, तर आत्तापर्यंतचं सगळं दर वेळी परत उतरवलं जातं. लासलगावात गाडीवर एक गोणी चढवायची म्हणून आधीच्या सगळ्या गोण्या खाली उतरवून परत चढवण्यासारखं ते आहे. ४० अक्षरांचे १००० तुकडे धरा. उजवीकडून बांधलं तर साधारण ४०,००० अक्षरं उतरवली जातात. डावीकडून गोळा केलं तर १,९९,८०,०००. दोन कोटीच म्हणा.

कॉनकॅट आणि इंटरकॅलेट ही आतून उजवीकडूनच बांधलेली आहेत. म्हणून यादी हातात असेल तर फोल्डएल लिहू नका, सरळ कॉनकॅट घ्या. हा मुद्दा सहकाऱ्याच्या विरोधात जातो, कारण "जागच्या जागी ++" लिहायची सवय लागली की माणूस लूपच्या आतही तेच लिहितो.

सातपूरकर

मी पायथनवाला. आमच्याकडे जॉइन आहे, एकच, सगळ्यांना पाठ. हास्केलमध्ये जॉइन ", " यादी लिहिलं तर एवढी मोठी एरर येते की स्क्रोल करत बसा. जॉइन का नाही दिलं यांनी?

अंजनेरी

@सातपूरकर दादा, दिलंय, पण ते मोनॅडचं आहे. एकात एक असलेले दोन थर एक करतं ते. यादीच्या बाबतीत म्हणाल तर जॉइन आणि कॉनकॅट एकच काम करतात, ["नाशिक", "रोड"] दिलं की "नाशिकरोड" मिळतं. पण मध्ये घालायचा तुकडा ते घेत नाही. तुम्हाला हवंय ते इंटरकॅलेट, डेटा डॉट लिस्टमध्ये. आधी इंटरस्पर्सने मधे मधे तुकडा पेरायचा आणि मग कॉनकॅट करायचं, एवढीच त्याची व्याख्या.

सातपूरकर

धन्यवाद ताई. इंटरस्पर्स कळलं, म्हणजे द्राक्षाच्या ओळीत मध्ये मध्ये झेंडू. 😄

म्हसरूळ_बीम

एलिक्सर (अर्लांगवर उभी असलेली भाषा) वापरणाऱ्याकडून दोन पैसे.

पहिली गोष्ट, रिकाम्या तालुक्याचं दुखणं आमच्याकडेही आहे आणि जास्त फसवं आहे. एनम डॉट जॉइनला निल (म्हणजे 'काहीच नाही') दिलं तर तो त्याची रिकामी स्ट्रिंग करतो, ओरडत नाही, आणि निमूट ", , " छापून मोकळा होतो. क्लोजर भाषेतल्या जॉइनचंही तेच. हास्केलमध्ये निदान मेबी (किंमत असेल किंवा 'नथिंग' असेल असं सांगणारा प्रकार) असल्यामुळे कंपायलर तुम्हाला थांबवतो की बाबा, इथे तालुका नसू शकतो, काय करायचं ते सांग. हे सुख आहे, त्याचा फायदा घ्या. कॅटमेबीज मारून नथिंग गाळा, मग इंटरकॅलेट करा, झालं.

दुसरी गोष्ट जरा वेगळी. जोडायचंच कशाला? अर्लांगच्या जगात आयओलिस्ट म्हणून प्रकार आहे. तुकडे यादीत ठेवायचे, यादीत अजून यादी, तिच्यात अजून यादी, कितीही खोल. फाईलमध्ये लिहिताना किंवा सॉकेटवर पाठवताना ती तशीच्या तशी द्यायची. मधल्या टप्प्यावर कुठेही मोठी स्ट्रिंग तयार होत नाही. फिनिक्स या वेब फ्रेमवर्कमधली टेम्पलेटं असंच काम करतात, पानाचा न बदलणारा भाग एकदाच मेमरीत आणि दर वेळी फक्त त्याचा पत्ता यादीत. आमच्या टीममध्ये कोणी लूपमध्ये <> हे जोडायचं चिन्ह लिहिलं तर रिव्ह्यूत पहिला प्रश्न हाच असतो, "हे शेवटी कुठे जाणारे?" बाहेरच जाणार असेल तर जोडू नका. आता बायनरीच्या शेवटी भर घालायची असेल तर बीम (अर्लांगचं रनटाइम) हुशारीने पुढे थोडी जागा राखून ठेवतं, त्यामुळे ते वाटतं तेवढं महाग नाही, पण आयओलिस्ट ती आयओलिस्टच.

अंजनेरी

@म्हसरूळ_बीम, याचाच भाऊ हास्केलमध्येही आहे. शोएस. तुकडा म्हणजे स्ट्रिंग नाही, "तुझ्यापुढे जे काही येईल ते दे, मी त्याच्या आधी माझा मजकूर लावून देतो" असं फंक्शन. दोन तुकडे जोडायचे म्हणजे दोन फंक्शन्स टिंबाने एकापुढे एक लावायची. मग डावीकडून गोळा करा नाहीतर उजवीकडून, प्रत्येक तुकडा शेवटी एकदाच उतरवला जातो. जॉन ह्यूजचा १९८६ चा पेपर आहे याद्या अशा फंक्शनच्या रूपात ठेवण्यावर. चाळीस वर्षं होत आली, अजून कामाला येतो. टेक्स्ट (हास्केलमधला मजकूर सलग ठेवणारा दुसरा प्रकार) साठी बिल्डर आहे, त्यामागची कल्पनाही बरीचशी याच घराण्यातली.

गंगापूररोड

मंडळी, माणूस काटा पावती छापतोय. पावतीवर वीस ओळी. तिथे शोएस आणि बिल्डर आणि १९८६ चे पेपर कशाला? ++ लिहा, चालतं. वेगाचा प्रश्न या आकाराला येतच नाही.

अंजनेरी

वीस ओळींच्या पावतीला नाही येत, मान्य. पण हंगाम संपल्यावर हाच माणूस सगळ्या गाड्यांचा अहवाल एका फाईलमध्ये काढणार, आणि तेव्हा तीच फंक्शन्स वापरणार. म्हणून सुरुवातीलाच टेक्स्ट घ्यावं असं माझं मत आहे. आणि ते नुसतं वेगासाठी नाही, जागेसाठी. ६४ बिटच्या मशीनवर साखळीतली एक कडी २४ बाइट खाते. इंग्रजी अक्षरं रनटाइमने आधीच तयार करून ठेवलेली असतात, २५५ पर्यंतची, ती सगळ्यांत वाटून वापरली जातात. आपली देवनागरी त्यात बसत नाही. प्रत्येक अक्षराला स्वतःची वेगळी पेटी, अजून १६ बाइट. म्हणजे चिन्हामागे ४०. "नाशिक" या शब्दात न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, झाले २०० बाइट. टेक्स्टमध्ये हाच मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड चिन्हं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये १५ बाइट, वर थोडा वरखर्च.

मराठी मजकूर हाताळणाऱ्याने स्ट्रिंग वापरू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

बालबोध

त्यात एक गंमत. टेक्स्ट आधी आतून यूटीएफ-१६ होतं, २०२१ च्या अखेरीस आलेल्या २.० आवृत्तीत यूटीएफ-८ झालं. इंग्रजीवाल्यांचा मजकूर निम्म्यावर आला, आपला दिडीवर गेला, अक्षरामागे २ चे ३ बाइट. तरी मी त्या बदलाच्या बाजूने आहे. फाईल यूटीएफ-८, नेटवर्क यूटीएफ-८, डेटाबेस यूटीएफ-८, मग आत येताना आणि बाहेर जाताना रूपांतर करत बसायचं ते वाचलं.

अंजनेरी

बरोबर. आणि @निफाडकर, टेक्स्टवर जाताना एक लक्षात ठेवा. वर मी "उजवीकडून बांधा म्हणजे झालं" म्हटलं ते साखळीच्या यादीसाठी. टेक्स्ट सलग तुकडा असतो, दोन जोडले की दोन्हींची नवीन प्रत होते. त्यामुळे तिथे एकेक करून <> लावत गेलात तर डावीकडून गेलात काय नि उजवीकडून गेलात काय, खर्च तोच. टेक्स्टचं कॉनकॅट मात्र आधी सगळ्या लांब्यांची बेरीज करतं, एकदाच जागा घेतं आणि प्रत्येक तुकडा एकदाच उतरवतं. इंटरकॅलेट त्याच्यावरच उभं आहे. म्हणून तुकडे यादीत जमवा आणि शेवटी एकदा कॉनकॅट. ओकॅमल भाषेचं स्ट्रिंग डॉट कॉनकॅटही असंच चालतं.

कंसातला_माणूस

क्लोजरमध्येही हेच. (अप्लाय स्ट्र यादी) लिहिलं तर आत एकच स्ट्रिंगबिल्डर चालतो. (रिड्यूस स्ट्र यादी) लिहिलं तर दर पायरीला नवीन स्ट्रिंग. दिसायला सारखंच, उत्तरही तेच, आणि मोठ्या यादीवर जमीन-अस्मानाचा फरक.

द्वितीय_वर्ष

मी इंजिनिअरिंगला आहे, आत्ताच हास्केल शिकायला घेतलंय. एक विचारू का, जरा विषयाबाहेरचं. मी गावाचं नाव जोडून प्रिंट करतो तर "नाशिक" च्या जागी \२३४४\२३६६\२३५८\२३६७\२३२५ असं येतं. जोडताना काही बिघडतं का?

अंजनेरी

जोडताना काहीच बिघडत नाही, आणि हे विषयाला धरूनच आहे. प्रिंट आतून शो वापरतं. शो हे मजकूर दाखवण्यासाठी नाहीच, हास्केलच्या कोडमध्ये परत जसंच्या तसं चिकटवता येईल असं रूप देण्यासाठी आहे. म्हणून ते अवतरणचिन्हं लावतं आणि १२७ च्या पुढचं प्रत्येक चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहितं. २३४४ म्हणजे न, २३६६ म्हणजे काना. पुटस्ट्रएलएन वापर, नाशिक दिसेल. आणि जोडताना "गाव: " ++ शो गाव असं कधी लिहू नकोस. शो फक्त आकड्यांना लाव, नावांना नको.

द्वितीय_वर्ष

झालं!! खूप धन्यवाद ताई. चार जणांना विचारलं, सगळे म्हणाले फॉन्ट नाही तुझ्या मशीनवर.

पंचवटी

मी सर्व्हरचं बघतो, माझं हास्केलशी नातं नाही पण निक्सशी रोज आहे, तीही फंक्शनलच भाषा आणि तिच्यात तर मजकूर जोडण्याशिवाय दुसरं काही करतच नाही आपण, सगळ्या कॉन्फिग फाइली म्हणजे जोडलेला मजकूर. तिथे मदतनीस फंक्शन्सची रांगच आहे: कॉनकॅटस्ट्रिंग्ज, कॉनकॅटस्ट्रिंग्जसेप, कॉनकॅटमॅपस्ट्रिंग्ज, कॉनकॅटमॅपस्ट्रिंग्जसेप, आणि क्रमांक पाहिजे असेल तर मध्ये एक आय घातलेली, तिचा क्रमांक १ पासून सुरू होतो. पहिल्यांदा बघणारा म्हणतो एवढी कशाला. पण वापरायला लागल्यावर कळतं की प्रत्येक नाव वाचताच माणसाला समजतं की आत काय होणारे: मॅप आहे का, मध्ये तुकडा आहे का. निफाडकर भाऊंच्या बाजूने मत.

रिकाम्याचं तिथे कसं, तर नल दिलं की निक्स सरळ एरर देऊन थांबतं, पण रिकामी स्ट्रिंग दिली तर जाऊ देतं आणि दुहेरी स्वल्पविराम येतोच. म्हणून ऑप्शनलस्ट्रिंग वापरायचं असेल तर जरा जपून. ते अट खोटी असली की "" देतं, साध्या कॉनकॅटमध्ये ते गुण्यागोविंदाने राहतं, पण सेपरेटर असलेल्या जोडणीत ते पोकळ जागा बनून बसतं. तिथे ऑप्शनल घ्यायचं, ते रिकामी यादी देतं, म्हणजे तो घटक मुळात उरतच नाही.

निफाडकर

@पंचवटी दादा, हे फार उपयोगाचं सांगितलंत. माझ्याकडे हीच गल्लत होण्यासारखी आहे, डेटाबेसमधून काही ठिकाणी नथिंग येतं आणि काही ठिकाणी नुसती स्पेस असलेली स्ट्रिंग, ऑपरेटरने स्पेस दाबून पुढे गेलेला असतो. कॅटमेबीज दुसऱ्याला पकडणार नाही.

पंचवटी

मग ते आत शिरतानाच पकडा. स्ट्रिप करून रिकामं उरलं तर नथिंग करा, आणि पुढच्या सगळ्या कोडला फक्त मेबी दिसू द्या. जोडणाऱ्या फंक्शनने साफसफाई करू नये.

गंगापूररोड

हे पटलं. आणि इथे माझाही एक आग्रह नोंदवतो. ओळी जोडायला लोक सर्रास इंटरकॅलेट आणि नव्या ओळीचं चिन्ह वापरतात, ते अनलाइन्सनेच करावं. अनलाइन्स प्रत्येक ओळीच्या शेवटी नवी ओळ लावतं, शेवटच्या ओळीलाही. बऱ्याच जणांना ती शेवटची नवी ओळ डोळ्यात खुपते आणि ते काढून टाकतात.

म्हसरूळ_बीम

खुपणारच ना. शेवटी रिकामी ओळ दिसते एडिटरमध्ये.

गंगापूररोड

रिकामी ओळ नसते ती, शेवटच्या ओळीचा शेवट असतो. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात ओळीची व्याख्याच ती आहे, नवी ओळ या चिन्हाने संपते ती ओळ. कॅट या कमांडने दोन फाइली जोडून बघा. पहिलीच्या शेवटी ते चिन्ह नसेल तर पहिलीची शेवटची नोंद आणि दुसरीची पहिली नोंद एकाच ओळीत चिकटतात. वजनाच्या यादीत असं झालं तर दोन शेतकऱ्यांची नोंद एक होणार.

अजून एक कारण आहे आणि ते मला जास्त आवडतं. मध्ये तुकडा घालून जोडलं तर रिकामी यादी आणि एकच रिकामी ओळ असलेली यादी, दोन्हींचं उत्तर सारखंच, "". परत तोडायला गेलात तर कुठली होती ते सांगता येत नाही. अनलाइन्समध्ये पहिलीचं "" आणि दुसरीची एक नवी ओळ. माहिती हरवत नाही. म्हणून ओळींत आतून नवी ओळ नसेल तर अनलाइन्स करून परत लाइन्स केलं की तीच यादी हातात येते.

अंजनेरी

+१. आणि याच न्यायाने अनवर्ड्स वेगळं आहे, ते फक्त मध्ये स्पेस घालतं, शेवटी नाही. नावं जोडीने ठेवलेली असली तरी वागणूक एक नाही.

बालबोध

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, कारण मराठी मजकूर जोडतोय म्हटल्यावर हे कोणीतरी सांगायलाच पाहिजे.

"शेतकऱ्याचे नाव" हा स्तंभाचा मथळा घ्या. यातला ऱ्य तीन प्रकारे टाइप होऊन येतो. एक, ऱ हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (शून्य रुंदीचं जोडचिन्ह), जुन्या कीबोर्डांवरून आलेला मराठी मजकूर याने भरलेला आहे. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. प्रोग्रामला तिन्ही वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणणं) केलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो, त्याला स्वतः नियम लिहून बदलावं लागतं.

याचा जोडण्याशी संबंध काय? तर असा, की दोन तुकडे वेगवेगळे नॉर्मलाइज करून जोडले तर जोडलेला मजकूर नॉर्मलाइज असेलच असं नाही. पहिला तुकडा र ने संपला आणि दुसरा नुक्त्याने सुरू झाला, दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण जोडल्यावर त्यांचं ऱ व्हायला पाहिजे ते झालेलं नसतं. असे तुकडे येतात कुठून? ठरावीक लांबीवर मजकूर कापणाऱ्या प्रोग्राममधून. अमुक इतक्या चिन्हांनंतर काप म्हटलं की तो व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्या मधूनही कापतो. म्हणून नॉर्मलाइज करायचं ते जोडल्यानंतर.

लांबीचंही तसंच. डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजली, जशी एलिक्सरचं स्ट्रिंग डॉट लेंग्थ मोजतं, तर "क" एक, सुटी वेलांटी एक, आणि दोन्ही जोडून "कि" तरीही एकच. तुकड्यांच्या लांब्यांची बेरीज आणि जोडलेल्याची लांबी जुळत नाही. पावतीवर रकाने सरळ रेषेत आणताना याचा हिशेब ठेवा, नाहीतर "वडनेर भैरव" च्या ओळीतलं वजन डावी-उजवीकडे सरकलेलं दिसेल.

सातपूरकर

बालबोध सर, हे वाचून आमच्या जुन्या रिपोर्टमधली एक शंका आज मिटली. एकाच शेतकऱ्याची दोन खाती दिसायची आणि नाव डोळ्यांनी सारखंच.

रविवारी नाशिकमधले कोणी भेटणार का? मिसळ खाऊ आणि हे लॅपटॉपवर बघू. गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातल्या मिसळीच्या जागा आहेत त्यातली एखादी.

कंसातला_माणूस

चालेल. रविवार असला तर नऊच्या आत या, नंतर पार्किंग मिळत नाही.

पंचवटी

मी येतो. विषयावर परत, एक राहिलं. स्वल्पविरामाने जोडलं म्हणजे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाईल) झालं असं धरू नका. "मु. पो. ओझर, ता. निफाड" यात स्वल्पविराम आतच आहे, सीएसव्हीत तो अवतरणचिन्हात जायला पाहिजे, आणि आत अवतरणचिन्ह असेल तर ते दुहेरी व्हायला पाहिजे. शेलच्या कमांडचं तेच, निक्समध्ये एस्केपशेलआर्ग्ज आहे, ते प्रत्येक तुकड्याला आधी सुरक्षित करून मग स्पेसने जोडतं. एसक्यूएल तर जोडूच नका, पॅरामीटर पाठवा. आणि फाईलचा मार्ग जोडायला ++ वापरू नका, हास्केलमध्ये </> आहे. त्याचीही एक रीत माहीत असू द्या, उजवा मार्ग मुळापासून सुरू होणारा असेल तर डावा टाकून दिला जातो.

गंगापूररोड

मग सहकाऱ्याचं म्हणणं अगदीच मोडीत निघालं म्हणायचं. तरी त्याची एक बाजू मांडतो. स्वतःचं मॉड्यूल करणारे लोक इंटरकॅलेटला दुसरं नाव देऊन परत तेच लिहितात. मग नवीन आलेल्या माणसाला आधी तुमची नावं शिकावी लागतात आणि मग कळतं की अरे हे तर इंटरकॅलेटच. ओळींनी जोड, कंसात घालून जोड, ही मला त्यातलीच वाटतात. ती काढा.

अंजनेरी

याला माझा पूर्ण पाठिंबा. ज्यात तुमच्या कामाचा नियम आहे तेवढी ठेवा. 'आणि' चं फंक्शन नक्की ठेवा, तो मराठीचा नियम आहे, कुठल्याच लायब्ररीत मिळणार नाही. तीन ओळीत होतं:

आणिजोड [] = ""
आणिजोड [अ] = अ
आणिजोड यादी = इंटरकॅलेट ", " (इनिट यादी) <> " आणि " <> लास्ट यादी

दोन घटकांची वेगळी ओळ लागत नाही, एकाच घटकाची यादी इंटरकॅलेटला दिली की स्वल्पविराम येतच नाही. पहिल्या दोन ओळी मात्र गाळू नका, रिकाम्या यादीवर इनिट (शेवटचा सोडून बाकी) आणि लास्ट (शेवटचा) दोन्ही कोसळतात, आणि एकट्या घटकाच्या आधी उगाच 'आणि' लागतो. आणि कंपायलर खूप जुना असला तर <> साठी वेगळं इम्पोर्ट लागेल, २०१८ च्या ८.४ पासून ते प्रेल्यूडमध्येच (इम्पोर्ट न करता मिळणाऱ्या फंक्शन्समध्ये) आहे.

निफाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहकाऱ्यालाही धागा वाचायला दिला, तो आणि मी बसून ठरवलं ते असं. मॉड्यूलमध्ये दोनच राहतील, रिकामे गाळून जोड आणि आणिजोड. पहिलं मेबी टेक्स्टची यादी घेतं, त्यामुळे तालुका नसण्याचा निर्णय टाळताच येत नाही. ओळींना टेक्स्टचं अनलाइन्स. साफसफाई आणि झेडडब्ल्यूजे बदलणं डेटाबेसमधून वाचतानाच, एनएफसी मात्र पूर्ण मजकूर जोडून झाल्यावर एकदा.

आता मेसेजची लांबी. "मु. पो. उगाव, , जि. नाशिक" मधला तो रिकामा ", " नुसता दिसायला वाईट नाही, त्याचे पैसे पडतात. मराठी मेसेजला ७० चिन्हांची मर्यादा आहे ना? ती कशी मोजायची, डोळ्याला दिसणारी अक्षरं की टेक्स्ट डॉट लेंग्थ?

बालबोध

दिसणारी अक्षरं नाही. देवनागरी मेसेज १६ बिटच्या एककात जातो आणि एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात, म्हणून ७०. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, वेलांटी, अनुस्वार धरून, एक एकक. त्यामुळे टेक्स्ट डॉट लेंग्थ बरोबर बसेल, फक्त इमोजी असेल तर त्याची दोन धरा. "नाशिक" पाच. आणि ७१ झाले की दोन मेसेज होतात, तेव्हा प्रत्येकात ६ बाइट जोडणीच्या माहितीला जातात, म्हणजे भागामागे ६७ च उरतात. १३४ पर्यंत दोन, त्याच्या पुढे तीन. मोजणी एनएफसी झाल्यावर करा, र आणि नुक्त्याचं ऱ झालं की प्रत्येकी एक एकक वाचतं.

सातपूरकर

इंग्रजी मेसेजही पाठवत असाल, व्यापाऱ्यांना वगैरे, तर त्यात ₹ हे चिन्ह घालू नका. इंग्रजीला १६० ची मर्यादा आहे ती जीएसएमच्या ७ बिटच्या अक्षरसंचामुळे, आणि त्या संचात ₹ नाही. ते एक चिन्ह आलं की सगळा मेसेज युनिकोड होऊन मर्यादा ७० वर येते. रुपये अक्षरात लिहा.

निफाडकर

हे डोक्यातच नव्हतं. व्यापाऱ्यांच्या प्रत्येक मेसेजात ते चिन्ह आहे, आणि डीएलटीवर (मेसेजचे नमुने आधी नोंदवायच्या टेलिकॉमच्या व्यवस्थेत) नोंदवलेल्या टेम्पलेटमध्येही तेच असणार, कारण मजकूर तिथल्याशी जुळावा लागतो. म्हणजे आधी टेम्पलेट बदलून मंजूर करून घ्यावं लागेल, मग कोड. उद्याच अर्ज टाकतो. रविवारी मिसळीला येतोय, काटा पावतीचे दोन-चार नमुनेही घेऊन येतो, बालबोध सरांनी रकाने बघून सांगावेत.